टर्बोची मोटार आणि तिचे वंगण

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील मासिक सभेत केलेल्या भाषणाचा लेखी मसुदा)



या व्यासपीठावरून गेल्या पन्नास वर्षांत संतवाङ्मयावर, नाट्यसंगीतावर आणि मराठ्यांच्या इतिहासावर अनेक विद्वानांची व्याख्याने झाली. त्याच जागी उभे राहून मोटारीत कोणते तेल घालावे यावर बोलायचे, हे काहींना धाडसाचे, तर काहींना विनोदाचे वाटेल. आम्ही बी. ए. झालो ते इतिहास विषय घेऊन. त्यानंतरची तीस वर्षे केंद्र सरकारच्या कचेरीत टिपणे लिहिण्यात गेली. यंत्रशास्त्राशी आमचा संबंध कचेरीतल्या पंख्याचे बटण दाबण्यापुरताच. तरीही कार्यवाहांनी विषय विचारला तेव्हा आम्ही हाच सांगितला. कारण हा विषय आम्ही रस्त्याच्या कडेला उभे राहून शिकलो आहोत, आणि त्याची फीही पुरेपूर भरली आहे.

आपल्यापैकी बहुतेकांची एक वहिवाट आहे. उन्हाळ्याची सुटी लागली, किंवा गणपती-दिवाळी आली, की भोपाळहून मोटार काढायची, इंदूर मागे टाकून आग्रा-मुंबई रस्त्याला लागायचे, खलघाटला नर्मदेला नमस्कार करायचा, आणि सेंधवा, धुळे करीत नाशिक-पुण्याकडे निघायचे. गावी म्हातारी माणसे वाट पाहत असतात. ही मोटार आपल्याला घरापाशी बांधून ठेवणारी दोरी आहे असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. ती दोरी कुठे विरते, हे आज सांगायचे आहे.

मे २०२३ मधील गोष्ट. रात्री आठच्या सुमारास नाशिकहून थोरल्या बंधूंचा फोन आला. मातोश्री न्हाणीघरात घसरल्या होत्या. खुब्याचे हाड मोडले होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला शस्त्रक्रिया ठरली होती. सहाशे किलोमीटरचा पल्ला. आम्ही आणि सौभाग्यवती तासाभरात निघालो. गाडी २०१९ साली घेतलेली, लहान पेट्रोल इंजिनाची, टर्बो बसवलेली. जेमतेम चार वर्षांची गाडी दगा देईल अशी शंकाही मनात नव्हती. इंदूरच्या बाह्यरस्त्यापर्यंत वेगाने आलो, चहासाठी थांबलो, थांबताक्षणी किल्ली फिरवून इंजिन बंद केले, आणि दहा मिनिटांनी पुन्हा निघालो.

नर्मदेचा पूल ओलांडून सेंधव्याच्या दिशेने चढ लागला, तसा इंजिनातून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. पाय दाबला तरी गाडी ओढेना. आरशात पाहतो तो मागे निळसर धुराचा लोट. मग समोरच्या फळीवर तेलाचा लाल दिवा लागला. त्या वेळी इंजिन लगेच बंद करण्याची सुबुद्धी झाली, म्हणून इंजिन वाचले. टर्बो मात्र गेला होता. एका ढाबेवाल्याने खाट दिली. पहाटेची एसटी मिळाली, धुळ्याला ती बदलली, आणि आम्ही नाशिकच्या रुग्णालयात पोहोचलो तेव्हा दुपारचा एक वाजला होता. मातोश्रींना आत नेण्यापूर्वी त्यांनी दोनदा विचारले होते, "धाकटा आला का?" वहिनींनी हे आम्हाला सांगितले ते सहज, पण ते वाक्य आमच्या मनातून अजून गेलेले नाही. शस्त्रक्रिया सुखरूप पार पडली होती. आज त्या काठी घेऊन घरात हिंडतात. म्हणूनच ही कथा आम्ही येथे सांगू शकतो.

गाडी पुढे ज्या कारागिराच्या हाती गेली तो सेंधव्याचाच एक वयस्क मिस्त्री. त्याने टर्बो उघडला. दांडा खिळखिळा झाला होता. तेल पोहोचवणारी बारीक नळी आतून काजळीने जवळजवळ बुजली होती. चेंबरमधले तेल डांबरासारखे झाले होते. तो म्हणाला, "साहब, गाड़ी तो जवान थी, तेल बूढ़ा हो गया था." नवा टर्बो, नळ्या, मजुरी मिळून पासष्ट हजार रुपये झाले. योग्य तेल वेळेवर घातले असते तर वर्षाला तीन-साडेतीन हजारांत भागले असते.

आता हा टर्बो म्हणजे काय, ते थोडक्यात पाहू. इंजिनातून जळालेला वायू धुराड्यावाटे बाहेर जातो तेव्हा त्यात बरीच शक्ती शिल्लक असते. त्या वायूच्या झोताने एक चक्र फिरवायचे, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरे चक्र बसवायचे आणि त्याने बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबायची. हवा अधिक म्हणून इंधनही अधिक जाळता येते, आणि लहान इंजिन मोठ्याचे काम करते. आल्फ्रेड ब्युखी या स्विस अभियंत्याने १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले. जहाजे, विमाने व मालमोटारी यांतून प्रवास करीत ती १९६२ साली अमेरिकेत ओल्ड्समोबिल जेटफायर आणि शेवरोले कॉरव्हेअर या विक्रीच्या मोटारींत आली. आपल्याकडे आधी डिझेलच्या गाड्यांत ती रुळली आणि गेल्या दहा-बारा वर्षांत पेट्रोलच्या लहान गाड्यांतही घरोघर पोहोचली. आपल्या मंडळाच्या आवारात आज उभ्या असलेल्या गाड्यांपैकी कितीतरी टर्बोच्या असतील, आणि मालकाला ते ठाऊकही नसेल.

या टर्बोचा दांडा मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतो. त्याच्या एका टोकाला पेट्रोल इंजिनाचा नऊशे अंशांहूनही अधिक तापलेला वायू आदळत असतो. असा दांडा बहुतेक गाड्यांत साध्या गोळ्यांच्या बेअरिंगवर फिरत नाही. तो तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. तो थर मिलिमीटरच्या काही शतांश भागाएवढाच असतो. तेल तेथे दोन कामे करते: धातूला धातू भिडू देत नाही, आणि उष्णता वाहून नेते. म्हणजे जुन्या गाडीत जे तेल नुसते वंगण होते, ते टर्बोच्या गाडीत वंगणही आहे आणि थंडावा देणारे पाणीही आहे. त्याचा पुरवठा क्षणभर तुटला, किंवा ते जळून नळीत त्याची काजळी धरली, तर दांड्याला दुसरा आधार नाही.

आमच्या हातून चुका झाल्या त्या तीन. त्या क्रमाने सांगतो, म्हणजे तेल निवडण्याची रीतही आपोआप सांगून होईल.

पहिली चूक, "जाड तेल ते दणकट तेल" हा समज. आमची पिढी अॅम्बॅसडर गाडीच्या काळात वाढली. त्या इंजिनांतील फटी मोठ्या, वेग कमी. तेथे जाड तेल शोभत असे. ती गाडी २०१४ साली निघायची थांबली, पण तिचा उपदेश अजून गल्लोगल्लीच्या गॅरेजमध्ये चालू आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये आम्ही कोपऱ्यावरच्या एका गॅरेजमध्ये तेल बदलून घेतले. तिथल्या माणसाने सांगितले की, उन्हाळ्याचा मुलूख आहे, जाड तेल घाला, आणि आम्ही २०डब्ल्यू-५० घालू दिले. गाडीच्या माहितीपुस्तिकेत मात्र स्पष्ट ५डब्ल्यू-३० छापले होते.

डब्यावरच्या या आकड्यांचा अर्थ एकदा समजावून घेतला तर कोणी फसवू शकत नाही. 'डब्ल्यू' हे हिवाळ्याच्या इंग्रजी शब्दाचे पहिले अक्षर. त्याच्या आधीचा अंक थंड इंजिनात तेल किती सहज वाहते ते सांगतो. अंक जितका लहान तितके ते थंडीत अधिक प्रवाही. मागचा अंक इंजिन तापल्यावर, म्हणजे १०० अंशांना, तेलाचा दाटपणा किती राहतो ते सांगतो. एसएई या संस्थेच्या मानकानुसार ३० अंकाच्या तेलाचा दाटपणा १०० अंशांना ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्सच्या दरम्यान असावा लागतो, ४० अंकाचा १२.५ ते १६.३ आणि ५० अंकाचा १६.३ ते २१.९. म्हणजे आम्ही पुस्तिकेत सांगितलेल्यापेक्षा जवळजवळ दीड-दोनपट दाट तेल घातले होते. सकाळी इंजिन सुरू केल्यावर ते टर्बोच्या बारीक नळीतून पोहोचायला उशीर लावी, आणि तेवढा वेळ दांडा अर्धवट कोरडा फिरे. बर्फ पडत नाही म्हणून आपल्याला 'डब्ल्यू'शी कर्तव्य नाही, हा भ्रम आहे. इंजिनाच्या दृष्टीने भोपाळची मे महिन्यातली सकाळही थंडच असते.

कोणी म्हणेल, बाहेर पंचेचाळीस अंश तापमान असता पातळ तेल टिकेल कसे? त्याचे उत्तर असे की, इंजिनाच्या पाण्याचे तापमान थर्मोस्टॅट सांभाळतो, आणि तेलही बाहेरच्या ऋतूपेक्षा इंजिनाच्या कामावर अधिक तापते. गाडी बनविणाऱ्यांनी तो हिशेब केलेला असतो. तथापि काही पुस्तिकांत तापमानानुसार तक्ता दिलेला असतो आणि ५डब्ल्यू-३० बरोबर ५डब्ल्यू-४० लाही परवानगी असते. तशी ती असेल, आणि भर उन्हात चार माणसे व सामान घेऊन घाट चढायचे असतील, तर ४० अंकाचे घेणे शहाणपणाचे. १५० अंशांच्या उष्णतेत आणि जोराच्या घर्षणात थर किती टिकतो याचीही एक कसोटी आहे. तीत ३० अंकाला किमान २.९ आणि ५डब्ल्यू-४० ला किमान ३.५ गुण मिळवावे लागतात. परंतु परवानगी पुस्तिकेने द्यावी, शेजाऱ्याने नव्हे. उलट पुस्तिकेत ०डब्ल्यू-२० लिहिले असेल तर तेच घालावे. त्या इंजिनाचे पंप आणि फटी त्याच मापाने केलेल्या असतात.

दुसरी चूक, आम्ही दाटपणाचे आकडेही धड पाहिले नाहीत, मग डब्यावरची अक्षरे कुठून पाहणार? आकडे सारखे असले तरी दोन तेले सारखी नसतात. पेट्रोल गाड्यांसाठी एपीआय या अमेरिकन संस्थेच्या श्रेणी 'एस' अक्षराने सुरू होतात. दुसरे अक्षर वर्णमालेत जितके पुढचे तितकी श्रेणी नवी. टर्बोच्या आणि थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनांत एक नवाच रोग आढळला. वेग कमी आणि भार जास्त असता ठिणगी पडण्यापूर्वीच आतले मिश्रण पेटते. त्याचा दणका इतका जबर असतो की पिस्टन तडकू शकतो. तेलात मिसळलेल्या कॅल्शियमयुक्त स्वच्छताद्रव्यांमुळे हा रोग बळावतो असे संशोधनात दिसून आले. म्हणून त्यांचा काही भाग मॅग्नेशियमयुक्त द्रव्यांनी बदलण्यात आला. २०१८ ची एसएन प्लस, २०२० ची एसपी आणि २०२५ पासूनची एसक्यू या श्रेणींना त्या रोगाविरुद्धची कसोटी उत्तीर्ण व्हावी लागते. यास्तव टर्बो पेट्रोल गाडीत एसपी किंवा त्यापुढचीच श्रेणी असावी. दुकानात अजूनही एसएल, एसएमचे डबे स्वस्तात मिळतात. ते जुन्या गाड्यांसाठी आहेत.

डिझेलवाल्यांसाठी निराळी सूचना. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ मानके लागू झाली आणि डिझेल मोटारींच्या धुराड्यात काजळी अडवणारी गाळणी आली. काजळी त्या गाळणीत अधूनमधून जाळली जाते, परंतु तेलातील धातुयुक्त द्रव्यांची राख जळत नाही, ती साठत जाते. म्हणून अशा गाडीला कमी राखेचे तेल लागते. युरोपातील एसीईए संस्थेच्या श्रेणींत ते सी अक्षराने, म्हणजे सी२, सी३ असे ओळखतात. गाळणीची किंमत ऐकल्यावर तेलाच्या डब्याची किंमत कोणालाही जड वाटणार नाही. कित्येक युरोपीय कंपन्या आपल्या स्वतःच्या मान्यतेचा क्रमांकही पुस्तिकेत देतात. तो दिला असेल तर डब्यावर नेमका तोच क्रमांक शोधावा. डब्यावर 'सिंथेटिक' हा शब्द मोठ्या अक्षरांत असतो. टर्बोच्या उष्णतेपुढे सिंथेटिक तेल अधिक टिकते हे खरे. पण निव्वळ त्या शब्दावर जाऊ नये. खरी ओळख मागच्या बाजूच्या बारीक अक्षरांत असते.

तिसरी चूक सांगताना आम्हाला सर्वांत अधिक लाज वाटते. पुस्तिकेत लिहिले होते: दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी घडेल ते. आमची कचेरी घरापासून चार किलोमीटरवर. वीस महिन्यांत गाडी सात हजार किलोमीटरच चालली होती. दहा हजार झाले नाहीत, मग तेल कशाला बदला, असा आमचा हिशेब. ज्या माणसाने उभी नोकरी 'यांपैकी जे आधी घडेल ते' हे शब्द करारनाम्यांत आणि आदेशांत लिहिण्यात घालवली, त्यालाच ते स्वतःच्या गाडीच्या पुस्तिकेत दिसले नाहीत!

वस्तुतः कमी चालणारी गाडी तेलाला अधिक छळते. चार किलोमीटरांत इंजिन पुरते तापत नाही. जळण्यातून झालेली वाफ आणि न जळालेले पेट्रोल तेलात उतरते. लांबच्या प्रवासात ते उडून जाते, आखूड प्रवासात साठत राहते. तेल पातळ होते, आंबते, त्यात गाळ धरतो. डिझेल गाडीची काजळी जाळण्याची क्रिया अर्धवट तुटली तर डिझेलही तेलात मिसळते, आणि पट्टीवर पातळी वाढलेली दिसते. ती वाढ शुभ नव्हे. म्हणून शहरातल्या शहरात फिरणाऱ्यांनी वर्षाची मुदत उलटू देऊ नये. पुस्तिकेत खडतर वापरासाठी निराळी, कमी मुदत दिलेली असते. धूळ, गर्दी आणि आखूड फेऱ्या असा आपला बहुतेकांचा वापर त्याच सदरात मोडतो. तेलाबरोबर फिल्टरही बदलावा.

केवळ एका चुकीने टर्बो सहसा मरत नाही. आमच्या बाबतीत चुकीचा दाटपणा, जुनी श्रेणी आणि उलटलेली मुदत एकत्र आली, आणि इंदूरच्या चहाने शेवटची भर घातली. वेगाने आलेली गाडी थांबताक्षणी बंद केली की तेलाचा पंप थांबतो, पण तापलेला टर्बो तेथेच राहतो. त्याच्यात अडकलेले तेल भाजून त्याची काजळी होते. आजच्या अनेक टर्बोंना पाण्याचाही थंडावा असतो. तरी घाट चढून किंवा वेगाने आल्यावर अर्धा ते एक मिनिट इंजिन संथ चालू द्यावे. सकाळी सुरू केल्यावरही पहिले काही मिनिटे पाय हलका ठेवावा.

सारांश, प्रवासापूर्वी एवढे करावे. पुस्तिका काढून तेलाचा दाटपणा, श्रेणी आणि मान्यता क्रमांक एका कागदावर उतरवून घ्यावा व तो कागद गाडीत ठेवावा. तेल खात्रीच्या दुकानातून, पावतीसह घ्यावे, आणि डब्याचे सील आपल्यासमोर फोडून ओतायला लावावे. रिकामा डबाही निरुपयोगी करून टाकावा, कारण तो बनावट तेल भरणाऱ्यांच्या हाती पडू शकतो. जुने तेल गटारात जाऊ देऊ नये, ते पुनर्वापरासाठी गोळा करणाऱ्यांकडे जावे. महिन्यातून एकदा सपाट जागी, इंजिन बंद करून काही मिनिटे थांबून, पट्टी पुसून पातळी पाहावी. ती दोन खुणांच्या मध्ये असावी. आणि वाटेत तेलाचा लाल दिवा लागला, तर पुढच्या गावापर्यंत जाऊ असे म्हणू नये. तेथेच थांबावे.

बंधुभगिनींनो, शस्त्रक्रियेनंतर चौथ्या दिवशी आम्ही मातोश्रींना खरी हकीकत सांगितली. त्यांनी ऐकून घेतली आणि विचारले, "अरे, पुस्तकात लिहिलं होतं ना, मग वाचलं का नाहीस?" या प्रश्नाला आमच्याजवळ आजही उत्तर नाही. तेव्हापासून एक नियम मात्र केला आहे. गाडीचे तेल वर्ष भरण्याच्या आत बदलतो, किलोमीटर कितीही झालेले असोत. आणि नाशिकला जाण्याचेही तसेच ठरविले आहे. पूर्वी रजा साठली की जात असू, किंवा काही कार्य निघाले की. आता तीन महिने किंवा मातोश्रींचा फोन, यांपैकी जे आधी घडेल ते.

 परतताना ज्यांना शक्य असेल त्यांनी आपल्या गाडीची पट्टी एकदा काढून पाहावी, एवढीच विनंती करून आम्ही आमचे भाषण संपवितो.